ऑस्ट्रेलियन कौटुंबिक कादंबऱ्या: वाचून झाल्यावर लिहायचं काय?

रविवारची_दुपार

सध्या लेकीकडे मेलबर्नला मुक्काम आहे. नातू शाळेत आणि लेक-जावई कामाला गेले की दुपार माझीच असते. कौन्सिलची लायब्ररी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे इथल्या कादंबऱ्यांचा सपाटा लावला आहे. त्यातही घरातल्या माणसांच्या, भावाबहिणींच्या, सासू-सुनांच्या (हो, इथेही आहेत) जास्त.

पुण्यात आमचा वाचनगट आहे. महिन्याला एकीने एका पुस्तकावर लिहून आणायचं आणि मग सगळ्यांनी बोलायचं. मी गटाला क्रिस्टोस त्सिओल्कस यांची 'द स्लॅप' सुचवली. २००८ची कादंबरी. मेलबर्नच्या उपनगरात हेक्टर नावाच्या ग्रीक वंशाच्या माणसाचा चाळिसावा वाढदिवस. परसात बार्बेक्यू चाललंय, पोरं क्रिकेट खेळताहेत. ह्यूगो नावाचा चारेक वर्षांचा मुलगा आउट झाला तरी बॅट सोडत नाही, दुसऱ्या मुलावर ती उगारतो. त्या दुसऱ्या मुलाचा बाप हॅरी, म्हणजे हेक्टरचा चुलतभाऊ, ह्यूगोला थोबाडीत मारतो. ह्यूगोचे आईबाप, रोझी आणि गॅरी, पोलिसात जातात. पुढे सगळं गोतावळ्याचं फाटत जातं.

ऑनलाइन बैठक झाली. दीड तास आम्ही बोललो ते असं: रोझी आई म्हणून कशी चुकली, हॅरीला कुणी वळण लावलं नाही का, हेक्टरला लाज कशी नाही. माझ्या मैत्रिणीने लिहून आणलेलं परीक्षणही तेच होतं, नीटनेटक्या अक्षरात. पुस्तक कसं लिहिलंय, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. तर दोन प्रश्न. (१) घरगुती विषयाच्या कादंबरीवर लिहिताना पात्रांचे नैतिक गुण मोजत बसण्यापलीकडे काय लिहावं? (२) इथल्या आणखी कुठल्या कादंबऱ्या वाचाव्यात?

टोपीवाला

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

कुंपणावरचा

हॅरी बरोबर होता. एक ठेवून दिली तर काय झालं? आम्ही काय कमी खाल्ल्या?

अक्काताई

@कुंपणावरचा, खाल्ल्या म्हणूनच असे प्रतिसाद येतात का? चार वर्षांचं पोर आहे ते! आणि मारणारा बाप नाही, काका नाही, कुणीच नाही. परक्याच्या मुलावर हात टाकायचा हक्क कुणी दिला?

कुंपणावरचा

परक्याच्या मुलाने माझ्या मुलावर बॅट उगारायची आणि मी सॅलड वाढून घेत राहायचं?

चिंचबन

चार वर्षांच्या मुलाला अजून अंगावर पाजणाऱ्या आईबद्दल कुणीच बोलणार नाही का? मी पहिली शंभर पानं तिथेच अडकले होते.

रविवारची_दुपार

बघा, बसली पंचायत. मी विचारलं काय आणि चाललंय काय :)

यारा_किनारी

ताई, पंचायत बसली यात नवल नाही. पुस्तक त्यासाठीच रचलंय. पण ते कसं रचलंय, हे लिहिता येईल, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आठ प्रकरणं, आठ माणसं: हेक्टर, अनूक, हॅरी, कॉनी, रोझी, मनोलिस, आयशा, रिची. थप्पड पहिल्याच प्रकरणात बसते. त्यानंतर कुणीही मागे जाऊन 'माझ्या नजरेतून ती थप्पड' असं सांगत बसत नाही. गोष्ट पुढेच सरकते, फक्त खांदा बदलतो. त्यामुळे होतं काय, की हॅरीचं प्रकरण वाचताना आपण थोडा वेळ हॅरीच्या बाजूचे होतो आणि रोझीचं वाचताना आपल्याला स्वतःचाच राग येतो. निकाल देण्याची खाज वाचकाला आहे हे लेखक जाणून आहे, आणि दर साठ-सत्तर पानांनी तो आपल्याला निकाल फिरवायला लावतो. परीक्षणात मी हे लिहीन: माझं मत कुठल्या पानावर बदललं आणि ते बदलायला लेखकाने काय केलं.

दुसरं, पैसा. आपल्या लोकांचं याकडे दुर्लक्ष होतं. हॅरी गॅरेजांचा मालक, समुद्राकाठी घर, पोहण्याचा तलाव. रोझी आणि गॅरी भाड्याच्या घरात, गॅरीचं पिणं चालू. हेक्टरची बायको आयशा प्राण्यांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. थप्पड कोर्टात जाते तेव्हा प्रश्न मुलाला मारण्याचा राहत नाही, कुणाला कसला वकील परवडतो त्याचा होतो. स्थलांतरिताचा पोरगा श्रीमंत आणि मूळ गोऱ्या घरातला माणूस कंगाल, हा उलटा हिशोब मेलबर्नमध्ये राहिल्यावर जास्त टोचतो.

अवांतर: इथल्या कायद्यात आईबापाने स्वतःच्या मुलाला 'वाजवी' शिक्षा केली तर तो बचाव अजूनही चालतो. दुसऱ्याच्या मुलाला मारणं हा सरळ हल्ला. म्हणून हॅरीवर गुन्हा दाखल होऊ शकतो. कुंपणावरचे काका, इकडे बार्बेक्यूला आलात तर हात खिशात ठेवा.

कुंपणावरचा

लोल. येतोच कशाला, व्हिसाच मिळत नाही.

पारिजात_२

मालिका पाहिली आहे का कुणी? ऑस्ट्रेलियातल्या एबीसी वाहिनीची, २०११. तिथेही आठ भाग, दर भागाला एक माणूस. नंतर २०१५मध्ये अमेरिकेने स्वतःची काढली. मेलिसा जॉर्ज दोन्हीकडे रोझी झाली आहे. अमेरिकन फार धुतलेली-पुसलेली वाटली. मूळ मालिकेत घरं जुनाट आहेत, लोक घामेजलेले आहेत.

स्वान_नदीवरून

पर्थहून हजेरी. मेलबर्न-सिडनीवाल्यांना वाटतं देश तिकडेच संपतो, म्हणून आमच्याकडची सांगतो. टिम विंटन, 'क्लाउडस्ट्रीट', १९९१. दुसऱ्या वर्षी तिला माइल्स फ्रँकलिन हा इथला मानाचा पुरस्कार मिळाला. दोन कुटुंबं, पिकल्स आणि लॅम्ब, एका मोडकळीस आलेल्या मोठ्या घरात वीस वर्षं राहतात, १९४३ ते १९६३. घर पिकल्सना वारशात मिळालंय, पण अट अशी की वीस वर्षं विकायचं नाही. सॅम पिकल्सच्या उजव्या हाताची बोटं कामावर यंत्रात गेलेली, आणि उरलेल्या हाताने तो घोड्यांवर पैसे लावतो. मग घर मधोमध वाटून अर्धं भाड्याने देतात. लॅम्ब मंडळी कष्टाळू, देवभोळी होती. पण मुलगा फिश पाण्यात बुडता बुडता वाचला आणि पूर्ण परत आला नाही, तेव्हापासून देवावरून मन उडालेली. ते दर्शनी खोलीत दुकान टाकतात.

ओरिएल लॅम्ब ही बाई साऱ्या घराचा कणा. आणि मधेच एक दिवस ती परसात पांढरा तंबू ठोकून त्यात राहायला जाते. नवरा तिथेच, मुलं तिथेच, दुकानही तीच चालवते. फक्त झोपायला तंबूत. कारण फारसं कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही. मला वाटतं जगातल्या निम्म्या आयांना तो तंबू हवा असतो.

एक सूचना: संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. कोण बोललं, हे कानाने ओळखावं लागतं. पन्नास पानं धीर धरा, पुढे सवय होते.

आमसूल

तंबू!! आज रात्रीच नवऱ्याला सांगते, डेकॅथलॉनला जायचंय.

घाटमाथा

'क्लाउडस्ट्रीट' ग्रेटच आहे, पण धागा 'आजच्या' कादंबऱ्यांवर आहे ना? १९९१ची कादंबरी १९४३ची गोष्ट सांगते. आणि मला त्यातला गोडवा थोडा जास्त होतो. नदी, मासे, गरिबीतला आनंद. दोन गोऱ्या कुटुंबांनी एक घर 'आपलं' करून घेतलं, म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या?

स्वान_नदीवरून

@घाटमाथा, तो प्रश्न विंटनने टाळलेला नाही. त्या घराचा इतिहास आहे. पूर्वी तिथे आदिवासी मुलींना त्यांच्या घरच्यांपासून आणून ठेवलं होतं, त्यातल्या एकीने विष घेतलं. पियानोची खोली सतत कुबट असते, आत कुणी टिकत नाही. भुताटकी म्हणून वाचलं तर ती भुताटकी, नाही तर देशाचं कर्ज. एवढं मात्र मान्य की त्या मुलींना स्वतःचा आवाज नाही. त्या भिंतीतच राहतात.

घाटमाथा

तेच म्हणतोय. म्हणून ज्यांच्या घरात तो आवाज आहे त्यांना वाचा. मेलिसा लुकाशेंको, 'टू मच लिप', २०१८, माइल्स फ्रँकलिन २०१९. लेखिका स्वतः बंजलुंग या आदिवासी समाजाच्या. केरी सॉल्टर चोरीच्या हार्लेवर बसून न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या गावी येते. आजोबा मरणाला टेकलेत. बेत असा की दर्शन घ्यायचं आणि चोवीस तासांत पळायचं. ते अर्थातच जमत नाही. आई प्रिटी मेरी पत्ते वाचून भविष्य सांगते, भाऊ केन आडदांड आणि तापट, त्याचा पोरगा कोपऱ्यात गप्प बसलेला, एक बहीण कित्येक वर्षं बेपत्ता. शिवाय पिढ्यान् पिढ्यांच्या नदीतल्या बेटाजवळ महापौर साहेबांना तुरुंग बांधायचाय.

विनोदी आहे हो, खरंच. भांडणं अशी की आपल्याकडच्या वाटणीच्या भांडणांची आठवण व्हावी. आणि हसता हसता कळतं की आजोबांबद्दल कुणीतरी काहीतरी दाबून ठेवलंय. ते बाहेर येतं तेव्हा 'वाईट माणूस होता' म्हणून सुटका नाही. त्या माणसाचं लहानपणी काय केलं गेलं, तेही लेखिका दाखवते. ताई, पात्रांना गुण देणाऱ्या परीक्षकाची इथे पंचाईत होते.

टोपीवाला

जेवून आलो तर एवढी गर्दी. माइल्स फ्रँकलिनचं नाव आलंच आहे तर थोडं कुलवृत्तांत. ही लेखिका, पूर्ण नावात 'स्टेला' आहे. मृत्युपत्रात पैसे ठेवून गेली, ऑस्ट्रेलियन जीवनाचं कुठलंही रूप मांडणाऱ्या कृतीसाठी. पहिला पुरस्कार १९५७ला पॅट्रिक व्हाइटच्या 'व्हॉस'ला. पुढे बायकांना पुरस्कार आणि परीक्षणं दोन्ही कमी मिळतात म्हणून काही जणींनी वेगळा पुरस्कार काढला, २०१३पासून. त्यालाही तिचंच नाव दिलं, 'स्टेला'. म्हणजे एकाच बाईच्या दोन नावांचे दोन पुरस्कार एकमेकांकडे डोळे वटारून उभे.

अक्काताई

याला म्हणतात खरी कौटुंबिक कादंबरी.

मंद्रसप्तक

मी एका पुस्तकाबद्दल लिहिते. ते मी नको त्या वेळी वाचलं. रिचर्ड फ्लॅनगन, 'द लिव्हिंग सी ऑफ वेकिंग ड्रीम्स', २०२०. टास्मानिया. आई फ्रान्सी, नव्वदीच्या जवळ, होबार्टच्या इस्पितळात. तीन मुलं. ॲना आर्किटेक्ट, सिडनीला. टेर्झो पैशाच्या धंद्यातला, बडा. टॉमी अडखळत बोलणारा, गावीच राहिलेला, आईचं सगळं करणारा. आईला आता जाऊ द्यावं असं टॉमीला वाटतं. बाहेरून आलेले दोघे हुशार, त्यांना वाटतं प्रयत्न सोडायचे नाहीत. मग डायलिसिस, ऑपरेशन, आणखी एक ऑपरेशन. त्यांच्याकडे ओळखी आहेत, ते डॉक्टरांना नमवू शकतात. बाहेर जंगलं जळताहेत, आकाश धुराचं. आणि ॲनाचं एक बोट एके दिवशी नाहीसं होतं. दुखत नाही, रक्त नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या बाबांच्या वेळी आयसीयूच्या बाहेर आम्ही तिघं भावंडं होतो. एक अमेरिकेतून आलेला, एक मुंबईहून आणि मी घरातली. दर संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन 'पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा' म्हणायचे आणि जो सगळ्यात लांबून आला होता तोच सगळ्यात आधी 'करा' म्हणायचा. त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. पुस्तकातला टॉमी वाचताना मी हुंदके देऊन रडले आणि पुढच्याच पानावर ॲनाची बाजूही कळली. लेखकाने गोष्ट टॉमीच्या नाही, ॲनाच्या बाजूने सांगितली आहे, हा निर्णय मला फार मोठा वाटतो. पुण्यवान माणसाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणं सोपं असतं.

नाहीशा होणाऱ्या अवयवांवरून मात्र मतभेद होतील. माझ्या मुलाने 'हे काय गिमिक' म्हणून मिटून ठेवलं.

चिंचबन

@मंद्रसप्तक, 'देण्यासारखं तेवढंच होतं' इथे थांबले. धन्यवाद.

तिरफळ

एवढं जड जड चाललंय म्हणून भीत भीत विचारते. लिआन मोरिआर्टी चालेल का या धाग्यावर? की विमानतळावर मिळणारी पुस्तकं म्हणून बाहेर काढणार?

घाटमाथा

चालेल की. बाकावर बसा, मागच्या.

तिरफळ

मागच्या बाकावरूनच बोलते मग. 'ॲपल्स नेव्हर फॉल', २०२१. जॉय आणि स्टॅन डेलनी, पन्नासेक वर्षांचा संसार, टेनिस शिकवून निवृत्त झालेले. चार मोठी मुलं, चौघांनाही टेनिस यायचं, एकही फार वर गेला नाही. एक दिवस जॉय नाहीशी होते आणि संशय नवऱ्यावर. वरवर रहस्यकथा. पण खरी मजा चार भावंडांच्या जेवणाच्या टेबलावर आहे. बापाने कुणाचा खेळ कधी बघितला नाही, हे चौघं वेगवेगळं आठवतात. आणि आईने मुलांचे डबे, कपडे, क्लबचे हिशोब, सगळं सांभाळून स्वतःचा खेळ कुठे ठेवला, हे विचारायचं कुणालाच सुचलेलं नसतं. हे 'जड' पुस्तकात असतं तर तुम्ही दोन परिच्छेद लिहिले असते.

शिवाय यांची पुस्तकं पडद्यावर गेली की गाव बदलतं. 'बिग लिटल लाइज' सिडनीच्या समुद्रकाठची, मालिकेत ती कॅलिफोर्नियात. 'ॲपल्स' फ्लोरिडात. ऑस्ट्रेलियन शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या आया निर्यात होतात, शाळा तिथेच राहते.

यारा_किनारी

तिरफळ, पुढच्या बाकावर या. भावंडं एकच आठवण चार तऱ्हांनी सांगतात आणि लेखिका कुणालाच खोटं पाडत नाही, हे परीक्षणात आलंच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की शेवटी ती सगळ्या गाठी सोडवून हातात देते. त्सिओल्कस देत नाही.

आमसूल

पुस्तकं मिळवायची कुठून? नवीन पेपरबॅक ३२.९९ डॉलर! रुपयांत करून बघितलं आणि खाली ठेवलं.

यारा_किनारी

ऑस्ट्रेलियात असाल तर विकत घेऊच नका. लायब्ररीचं कार्ड फुकट, 'बॉरोबॉक्स' किंवा 'लिबी' ॲपवर ई-बुक आणि ऑडिओ दोन्ही. कित्येक लायब्ऱ्यांत वाचनगटांसाठी एकाच पुस्तकाच्या बऱ्याच प्रतींचा संचही मिळतो, पिशवीत घालून, चर्चेच्या प्रश्नांसकट. ऑडिओ जरूर ऐका, विंटनचे संवाद कानाला लगेच कळतात.

दूधसागर

मडगावहून. कुणीच नाव घेतलं नाही म्हणून मी घेतो. रोआना गोन्साल्विस. कादंबरी नाही, कथासंग्रह आहे, 'द पर्मनंट रेसिडेंट', २०१६. भारतात तो 'सुनीता डिसोझा गोज टू सिडनी' या नावाने निघाला. लेखिका मुंबईत वाढलेली गोंयकार. सिडनीतली आपली कॅथलिक मंडळी: नव्याने आलेली नवरा-बायको, नोकरीचा शोध, चर्चमधल्या ओळखी, आणि बंद दाराआड जे चालतं ते. घर म्हटलं की उबदार, हा समज तिने पार मोडलाय. आमच्याकडच्या किती जणांना हे वाचून 'आपली बदनामी' वाटेल याची कल्पना आहे.

पारिजात_२

त्याच वाटेवर शंकरी चंद्रन, 'चाय टाइम ॲट सिनॅमन गार्डन्स'. २०२३चा माइल्स फ्रँकलिन. पश्चिम सिडनीतला वृद्धाश्रम, बहुतेक रहिवासी दक्षिण आशियातले, तो नावारूपाला आणणारी माया श्रीलंकेतून आलेली तमिळ. मुखपृष्ठ आणि नाव बघून वाटतं आजी-आजोबांच्या गोड गप्पा असतील. आत श्रीलंकेचं युद्ध आहे आणि ऑस्ट्रेलियन वंशद्वेष आहे.

घाटमाथा

ही दोन्ही पुस्तकं चांगली आहेत, पण एक खटकतं. आपण गोऱ्यांची कादंबरी 'कादंबरी' म्हणून वाचतो आणि देशी लेखकाची 'आपल्या लोकांचं दुःख' म्हणून. परीक्षणात लगेच ओळख, मुळं, घरची ओढ वगैरे. चंद्रन यांनी भूतकाळ कुठे तोडून कुठे जोडलाय, मला मध्यभाग घाईचा का वाटला, हे कुणी लिहीत नाही.

दूधसागर

मान्य. पण आपलं स्वयंपाकघर पुस्तकात दिसलं की आधी माणूस तिथेच जाऊन बसतो हो. बांधणीबिंधणी नंतर.

रविवारची_दुपार

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी तर झालीच, पण पहिल्या प्रश्नाचंही बरंच काही हाती लागलं. मी परीक्षण लिहायला घेतलंय. सुरुवात इथे टाकते, निर्दयपणे सांगा:

'या कादंबरीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते ह्यूगोबद्दल, आणि आठ प्रकरणांपैकी एकही ह्यूगोचं नाही. ज्याच्या गालावर थप्पड बसली त्याला काय वाटलं, हे आपण मोठ्यांच्या तोंडूनच ऐकतो. पहिलं प्रकरण हेक्टरचं, शेवटचं रिचीचं, म्हणजे चाळिशीच्या यजमानापासून शाळा संपवणाऱ्या पोरापर्यंत लेखक येतो. मधे मनोलिस आहे, हेक्टरचा म्हातारा बाप. जुन्या मित्राच्या अंत्यविधीला गेलेला हा माणूस मला सर्वांत जवळचा वाटला. सुनेने घरच्या माणसाची, हॅरीची, बाजू घ्यावी असं त्याला वाटतं. ती मैत्रिणीची घेते. त्या एका मतभेदात त्याचा आणि आयशाचा इतक्या वर्षांचा जिव्हाळा संपतो, आणि लेखक दोघांनाही आपापलं प्रकरण देतो.'

यापुढे पैशाबद्दल लिहीन. यारा_किनारींचा मुद्दा ढापते आहे.

अक्काताई

छान झालंय. 'जवळचा वाटला' हे राहू दे, काढू नका. सगळंच तटस्थ केलं तर वाचणार कोण?

कुंपणावरचा

मी पुस्तक मागवलंय. मनोलिसच्या प्रकरणापासून वाचलं तर चालतं का?

यारा_किनारी

काका, नाही. क्रमानेच.

ताई, सुरुवात पक्की आहे. एकच भर. ज्याला प्रकरण नाही असा ह्यूगो एकटाच नाही. गॅरीला नाही, आणि बिलालला नाही. बिलाल आदिवासी, आधी टेरी होता, दारू सोडून मुसलमान झाला, आता बायकामुलांत रमलाय. कोर्टाचं झाल्यावर गॅरी गायब होतो, तेव्हा रोझीला गाडीत घालून पबपर्यंत नेतो तो हाच. आणि नंतर रोझीला शांतपणे सांगतो की तुम्ही माझ्या घरापासून लांब राहा. अख्ख्या पुस्तकात हॅरीच्या वकिलाने रोझीला लावला नसेल एवढा कडक निकाल हा माणूस लावतो, आणि आपल्याला त्याच्या डोक्यात एक पानभरही शिरू दिलेलं नाही. का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लेखकाला तो आवाज आपला नाही असं वाटलं असेल, किंवा त्याला बाहेरून दाखवण्यातच जोर आहे असं. रोझीच्या प्रकरणाचा शेवट परत एकदा वाचून बघा आणि त्यावर दोन ओळी लिहाच. गटात यावर भांडण झालं तर ते पुस्तकावरचं भांडण असेल.